हायब्रीड टोमॅटोचं बी धरलं, झाडं सगळी वेगवेगळी निघाली. यातून स्वतःचं वाण होईल का?

बांधावरचा (ओतूर, ता. जुन्नर)

नमस्कार मंडळी. दरवर्षी आमचा उन्हाळी टोमॅटो असतो. मागच्या हंगामात जे हायब्रीड लावलेलं ते फार चांगलं चाललं, फळ गोल, टणक, आठवडाभर क्रेटमध्ये राहिलं तरी काही होत नव्हतं आणि नारायणगावला व्यापारी बघितल्या बघितल्या उचलायचे. पुडीचा भाव दरवर्षी चढतोच आहे म्हणून म्हटलं बघू तरी, एका चांगल्या झाडाची पिकलेली फळं ठेवून बी काढलं आणि यंदा बांधाकडच्या दोन सऱ्यांत तीच रोपं लावली. घरातले म्हणत होते हायब्रीडचं बी उगवत नाही. उगवण एकदम चांगली झाली, पण आता प्लॉटमध्ये जे दिसतंय ते कळेना.

बहुतेक झाडं तारेला लागली आणि अजून वाढतायत, पण मधेमधे काही कमरेएवढी होऊन थांबली, शेंड्यालाच फुलांचा घोस देऊन. मूळ हायब्रीडमध्ये असं एकही झाड नव्हतं. कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा डाग असायचा, तो आता काहींना आहे, काहींना अजिबात नाही, सगळं फळ एकसारखं फिकट. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे चारपाच झाडांमागं एक झाड असं आहे की त्याची फळं लालच होत नाहीत. पिवळी पडतात आणि तिथंच थांबतात. घरात आढी घालून ठेवली, महिना होत आला तरी तशीच, सडतही नाहीत लालही होत नाहीत.

दोन झाडांवर मात्र जीव बसलाय. एकाच्या फळाला खरी आंबटगोड चव आहे, आईने नुसतं मीठ लावून खाल्लं आणि विचारलं हे कुठलं, पण फळ लवकर मऊ पडतं. दुसरं झाड बोकड्याच्या (पानं आकसवणाऱ्या रोगाच्या) तडाख्यात हिरवंगार राहिलंय, शेजारची सगळी पानं वाटीसारखी आकसली तरी याला काहीच नाही.

तर हे असं का झालं आणि या दोन झाडांचं मिळून एक वाण करता येईल का? किती वर्षं लागतील, आणि कायद्याने असं बी धरलेलं चालतं का? जाणकारांनी सांगावं.

वहीवाला (जालना)

दादा, मी टोमॅटो ब्रीडिंगमध्येच काम करतो. तुम्ही जे टिपलंय ना तेच आम्ही प्लॉटवर वहीत लिहीत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हायब्रीड म्हणजे दोन वेगवेगळ्या सरळ लाइनचा, म्हणजे बी धरलं तरी दरवर्षी तशीच येणाऱ्या झाडांचा, संकर. इकडे देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये हे काम बघायला मिळतं, बायका उद्या उमलणारी कळी धरून चिमट्याने आतली पुंकेसराची पिवळी नळी काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी बापाच्या लाइनचे पराग लावतात आणि खूण म्हणून त्या फुलाची एखाददोन हिरवी पाकळी कापून ठेवतात, म्हणजे तोड्याच्या वेळी संकराचं फळ कुठलं ते ओळखू येतं. त्या फळातलं बी तुमच्या पुडीत येतं. ते सगळं एकसारखं असतं कारण प्रत्येक रोपात प्रत्येक जीनची (गुण ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याची) एक प्रत आईची आणि एक बापाची. पण तुम्ही त्या झाडाचं बी धरलं की पुढच्या पिढीत, म्हणजे एफ-टूमध्ये, पत्ते पिसून वाटल्यासारखं होतं, कुणाला दोन्ही आईच्या, कुणाला दोन्ही बापाच्या, कुणाला एकेक. बी खराब नव्हतं, आत जो फरक झाकलेला होता तो बाहेर आला एवढंच.

बुटकी झाडं घ्या. वाढ थांबवणारा जीन दबलेला असतो, दोन्ही प्रती त्याच्याच असल्या तरच झाड थांबतं. १९१४ साली फ्लोरिडात एका शेतात असं आपोआप थांबणारं झाड सापडलं आणि आज जगातला यंत्राने तोडायचा बहुतेक सगळा प्रक्रियेचा टोमॅटो त्याच जीनवर उभा आहे. तुमच्या हायब्रीडच्या आईबापांपैकी एक लाइन बुटकी होती. फिकट कच्च्या फळाचंही तसंच, तोही दबलेला जीन, चारात एक.

आता पिवळी फळं. त्या झाडांच्या फळावरची देठाकडची हिरवी पाकळी बघा, बाकीच्या झाडांपेक्षा लांब आणि मोठी आहे का? असेल तर तुमच्या हायब्रीडमध्ये रिन नावाचा जीन आहे हे जवळजवळ नक्की. ही १९६०च्या दशकात सापडलेली पिकणं रोखणारी खोड आहे. २००२ मध्ये तो जीन वेगळा काढला तेव्हा कळलं की तिथला डीएनएचा तुकडा गळून शेजारशेजारचे दोन जीन एकमेकांना चिकटलेत, एक पिकण्याचा आणि एक पाकळीच्या आकाराचा, म्हणून न पिकणाऱ्या झाडाची पाकळीही मोठी दिसते. दोन्ही प्रती रिनच्या असल्या की फळ पिवळं होऊन थांबतं, आढी घाला नाहीतर इथिलीन (फळ पिकवणारा वायू) द्या. दोन्ही प्रती साध्या असल्या की फळ झपाट्याने लाल होतं, वास सुटतो, आणि मऊ पडतं. एकच प्रत रिनची असली तर फळ लाल होतं पण सावकाश, आणि टणक राहतं. नारायणगावच्या व्यापाऱ्याला आवडलेलं तुमचं फळ हे तिसऱ्या प्रकारचं होतं. आणि तुमचं ते चवीचं झाड बहुतेक दुसऱ्या प्रकारचं आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे. एका प्रतीवर उभा असलेला गुण सरळ वाणात कधीच पक्का होत नाही. तुम्ही सगळ्यात टिकाऊ झाड निवडून बी धरलं तरी पुढच्या वर्षी परत चारात एक पिवळं आणि चारात एक मऊ निघणार, दहा पिढ्या केल्या तरी. तो टिकाऊपणा दरवर्षी आईबापांचा संकर करूनच मिळतो. त्यामुळे 'हेच हायब्रीड घरच्या बियाण्यात' हा विचार डोक्यातून काढून टाका. वाण मात्र होऊ शकतं, पण ते वेगळं असेल, आणि कुठलं हवंय ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

रोजचा_तोडा (निफाड)

वर सगळं बरोबर लिहिलंय पण मी शेतकरी म्हणून बोलतो. एकराला बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, औषधं, मजुरी धरून जो खर्च बसतो त्यात बियाण्याचा वाटा काढून बघा, फार नाही. घरच्या बियाण्याने दहा टक्के जरी माल कमी निघाला तरी पुडीचे पैसे वाचवून काही उपयोग नाही. आणि पिंपळगावच्या मार्केटला साइज आणि रंग एकसारखा नसला की क्रेटमागे भाव पडतोच. बोकड्याचाच त्रास असेल तर बंगळूरच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेचं अर्का रक्षक आहे, पर्णगुच्छ (म्हणजे बोकड्याच), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा तिन्हींना तोंड देतं. बी धरायचंच असेल तर राहुरीचं धनश्री लावा, सरळ वाण आहे, दरवर्षी तेच येईल. हौस म्हणून बांधाला करा, मुख्य प्लॉटमध्ये नको, एवढंच सांगणं.

परसातली (डेव्हिस, कॅलिफोर्निया)

मी मूळची साताऱ्याची, इथे परसबागेत टोमॅटो लावते आणि या विषयाचं वेड आहे म्हणून लिहितेय. निफाडच्या भाऊंचा हिशेब बरोबर आहे पण त्या हिशेबात चव कुठेच नाही, आणि जगभर टोमॅटोचं नेमकं तेच झालंय.

तो देठाजवळचा हिरवा डाग घ्या. १९३०च्या सुमारास एकसारख्या फिकट कच्च्या फळाचं झाड ब्रीडर लोकांना मिळालं आणि ते फार सोयीचं वाटलं, कारण फळ कधी तोडायचं ते लगेच कळतं आणि पिकल्यावर खांद्याला पिवळेपणा राहत नाही. तेव्हापासून तोच जीन बहुतेक व्यापारी जातींमध्ये घातला गेला. २०१२ मध्ये तो जीन सापडला तेव्हा कळलं की हा बिघडलेला जीन आहे, चांगला असता तर कच्च्या फळात जास्त हरितद्रव्य तयार झालं असतं आणि फळाने स्वतःच थोडी साखर केली असती. म्हणजे ऐंशी वर्षं सगळे दिसण्यासाठी निवड करत होते आणि त्याच वेळी गोडी थोडी थोडी कमी करत होते, कुणाला माहीतही नव्हतं. दादा, तुमच्या चवीच्या झाडाच्या कच्च्या फळाला हिरवा खांदा आहे का ते जरूर बघा.

२०१७ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात फ्लोरिडाच्या हॅरी क्ली यांच्या गटाचं काम आलं, ३९८ जाती घेतल्या, नव्या, जुन्या, जंगली, सगळ्यांचा डीएनए वाचला आणि बऱ्याच जातींची फळं माणसांना खायला देऊन गुण द्यायला सांगितले. नव्या व्यापारी जातींमध्ये वासाची १३ महत्त्वाची रसायनं जुन्या जातींपेक्षा कमी निघाली. ही रसायनं इतकी थोडी असतात की झाडाला त्यांचा काही खर्च नाही, म्हणजे ती परत आणली तर उत्पन्न कमी व्हायचं कारण नाही. साखरेचं मात्र तसं नाही, फळ मोठं केलं की साखर कमी होते, तिथे खरोखरच काहीतरी सोडावं लागतं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण चव गेली ती सगळीच भावापायी विकली गेली असं नाही, बरीचशी कुणी मोजलीच नाही म्हणून हरवली.

आणि फरक हवा असेल तर तो जंगली टोमॅटोत आहे. पेरू, इक्वेडोर, चिली, गॅलापागोस बेटं. शेतातला टोमॅटो मेक्सिको, मग युरोप, मग आपल्याकडे असा थोड्याथोड्या बियांवर आला, त्यामुळे दिसायला कितीही रंग-आकार असले तरी आतून तो फार अरुंद आहे. इथल्या विद्यापीठात चार्ल्स रिक नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्यभर अँडीजमधून जंगली बी गोळा केलं, त्यांची बियाण्याची बँक आजही इथे चालू आहे. गॅलापागोसच्या टोमॅटोचं बी काही केल्या उगवेना, तेव्हा त्यांनी ते तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घालून बघितलं, पोटातून बाहेर पडल्यावर उगवलं. त्याच बेटांवरच्या टोमॅटोतून देठाला सांधा नसलेलं फळ मिळालं, ओढलं की देठाशिवाय सुटणारं, आणि यंत्राने तोडणीला ते फार उपयोगी ठरलं. एका ओसाड बेटावरच्या बारक्या पिवळ्या-नारिंगी फळाने हे दिलं!

बांधावरचा (ओतूर, ता. जुन्नर)

सगळ्यांचे आभार. जालन्याचे सर, तुम्ही लिहिलं आणि लगेच रानात जाऊन पाकळ्या बघितल्या. लाल न होणाऱ्या झाडांची पाकळी खरंच मोठी आहे, फळाच्या अर्ध्यापर्यंत येते, बाकीच्यांची बारीक आणि वर वळलेली. ताई, चवीच्या झाडाला खांदा गडद हिरवा आहे.

निफाडकर भाऊ, तुमचं पटतंय, मुख्य प्लॉटला हायब्रीडच राहणार. पण गावातल्या आठवडे बाजारात आणि पुण्यात काही सोसायट्यांना थेट माल देतो तिथे चवीचं गिऱ्हाईक आहे, दोन दिवसांत संपतं, त्यांना आठवडाभर टिकायची गरज नाही. त्यासाठी करावं म्हणतो. तर आता ही दोन झाडं कशी पुढं न्यायची ते सांगा, आणि ते हिरवंगार झाड खरंच रोगाला दाद देत नाही का नुसतं वाचलंय हे कसं ओळखायचं?

वहीवाला (जालना)

गिऱ्हाईक ठरलं हे फार चांगलं झालं, त्यामुळे काम सोपं होतं. टिकाऊपणासाठी रिन नको, म्हणून पिवळ्या फळाची झाडं आत्ताच बी धरण्यातून बाद करा. पूर्ण लाल होणाऱ्यांतच जाड गराचं, न तडकणारं फळ शोधा, तो टणकपणा वेगळ्या जीनचा असतो, बरेच जीन मिळून येतो, हळूहळू पण पक्का होतो.

आता बोकड्या. पांढऱ्या माशीने पसरणारा हा विषाणू आहे आणि त्याला तोंड देणारे जीन सगळे जंगली टोमॅटोतून आलेत. टीवाय-वन आणि टीवाय-थ्री चिलेन्स नावाच्या जंगली टोमॅटोतून, आणि टीवाय-टू हॅब्रोकायटिस नावाच्या केसाळ जंगली टोमॅटोतून. हा टीवाय-टू आपल्या देशातला आहे असंच मी म्हणतो, हिसारच्या कृषी विद्यापीठात कल्लू यांनी जंगली टोमॅटोशी संकर करून एच-२४ ही लाइन काढली, १९९० मध्ये ते काम छापून आलं आणि तिथून हा जीन जगभरच्या जातींमध्ये गेला. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

तुमच्या झाडात यातला जीन असेल किंवा माशी तिथे बसली नसेल, नुसतं बघून सांगता येत नाही. त्याचं बी धरून लेकरं तपासायची, दुसरा उपाय नाही. त्या एका झाडाचं बी वेगळं ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात त्याची रोपं लावा आणि मधेमधे पुसा रुबीसारखं बोकड्याला लगेच बळी पडणारं जुनं वाण लावा, त्या सरीवर माशीची फवारणी करू नका. पुसा रुबी सगळं आकसलं आणि तुमची रोपं हिरवी, तर जीन आहे. त्यातही एक प्रत आहे का दोन हे कळतं, एकच असेल तर चारात एक रोप आकसणार. किमान १६ रोपं लावा, त्यातलं एकही आकसलं नाही तर दोन प्रती असण्याची खात्री बऱ्यापैकी धरता येते, कारण एक प्रत असूनही सोळाच्या सोळा वाचण्याची शक्यता शंभरात एक इतकीच राहते. नुसत्या पाचसहा रोपांवर कधी निर्णय घेऊ नका.

चवीच्या झाडाचंही बी वेगळं धरा. पुढच्या वर्षी त्याच्या लेकरांमध्ये चवीचं चांगलं झाड आणि दुसऱ्या झाडाच्या लेकरांमधलं निरोगी झाड यांचा हाताने संकर करा, वर लिहिलंय तसं, चिमटा आणि थोडा धीर एवढंच लागतं. तिथून परत नवीन एफ-टू. झाडं किती लावायची याचा हिशेब आधी करा. एक गुण दोन्ही प्रतींत हवा असेल तर चारात एक झाड मिळतं, दोन हवेत तर सोळात एक, तीन म्हटलं तर ६४ मध्ये एक, चार म्हटलं तर २५६ मध्ये एक. म्हणून गुण कमी धरा. तुमच्यासाठी मी चव आणि बोकड्या हे दोनच धरले असते, बाकी उंची, आकार जे येईल त्यातलं बरं.

निवड फळावर नको, झाडावर करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ढिगातून मोठं फळ उचलून बी धरलं तर ते फळ मोठं का झालं ते कळत नाही, पाण्याजवळ होतं, एकटंच घोसात होतं, काहीही असेल. एकाच झाडाच्या सगळ्या फळांत एकच मांडणी असते, झाड बघा. वजन, उत्पन्न असले गुण एका झाडावरून कळतच नाहीत, जमीन-पाण्याचा फरक त्यात जास्त असतो, त्याची निवड चौथ्या-पाचव्या पिढीनंतर ओळी लावून करायची. रंग, उंची, खांदा हे पहिल्याच दिवशी दिसतं तसं असतं. चव मधेच कुठेतरी आहे, पाणी तोडलं की कुठलंही फळ गोड लागतं, म्हणून एकाच सरीतली, एकाच तोड्याची फळं शेजारी ठेवून खा. तुमच्याकडे द्राक्षवाले आहेत, कुणाकडे तरी ब्रिक्स (रसाची गोडी) मोजायचं यंत्र असेलच, दोन थेंब टाकून आकडा लिहा. मोठ्या फळाचा साधारण चार-पाच असतो, सहा मिळाला तर ते झाड सोडू नका. पण फक्त आकड्यावर जाऊ नका, वास यंत्रात येत नाही, तो खाऊनच कळतो.

पिढ्यांचं म्हणाल तर दर पिढीला मिश्रपणा, म्हणजे दोन प्रती वेगवेगळ्या असण्याचं प्रमाण, निम्मा होतो. एफ-टूत ५० टक्के, मग २५, मग १२.५, असं करत एफ-सिक्सला तीन टक्क्यांवर येतो आणि तेव्हा झाडं डोळ्याला एकसारखी दिसायला लागतात. वर्षाला दोन पिढ्या निघाल्या तर चारेक वर्षं धरा.

सातबारा

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, परत पेरायचा, देवाणघेवाण करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे, वाण नोंदणीकृत असलं तरी. अट एकच, नोंदणीकृत वाणाचं बी ब्रँड लावून, पाकिटावर त्या वाणाचं नाव टाकून विकायचं नाही. आणि ३०व्या कलमाप्रमाणे कुठलंही नोंदणीकृत वाण नवीन वाण तयार करायला मूळ सामग्री म्हणून वापरता येतं. तुम्ही जे करताय ते दोन्हींत बसतं. पुढे वाण एकसारखं आणि वेगळं निघालं तर शेतकऱ्याचं वाण म्हणून त्याची नोंदणीही करता येते, त्यासाठी सुरुवातीपासूनची वही आणि फोटो फार कामाला येतात. काही मुलांनी कष्टाने वाण काढलं आणि कागदावर काहीच नव्हतं म्हणून पुढे अडलं, हे मी बघितलंय.

बांधावरचा (ओतूर, ता. जुन्नर)

वही आजच केली. सातबारा साहेब, मोठी चिंता मिटली. शेवटचं विचारतो, बाकीच्या झाडांचे पराग येऊन बी मिसळणार नाही का? मुख्य प्लॉट दहा पावलांवरच आहे. आणि बी काढताना काय काळजी घ्यायची?

परसातली (डेव्हिस, कॅलिफोर्निया)

टोमॅटो स्वतःच स्वतःचं परागण करतो, नव्या जातींमध्ये तर स्त्रीकेसर पुंकेसरांच्या नळीच्या आतच राहतो त्यामुळे मिसळणं फार थोडं असतं. तरीही भुंगे येतात. कळ्या उमलायच्या आधी त्या घोसावर पातळ जाळीची छोटी पिशवी बांधा, सकाळी घोस बोटाने हलकेच झटका म्हणजे पराग पडतील, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा. तोडणाऱ्या बायकांना त्या दोऱ्याचं आधी सांगून ठेवा, नाहीतर फळ सरळ क्रेटमध्ये जाईल.

वहीवाला (जालना)

ताईंनी सांगितलं तेच करा. बी काढायला फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, गर बियांसकट प्लास्टिकच्या भांड्यात घ्या, पाणी न घालता सावलीत एक-दोन दिवस आंबू द्या म्हणजे बियांवरचा बुळबुळीतपणा सुटतो. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर आतच मोड येतात. मग भरपूर पाण्यात धुवा, तरंगलेलं पोकळ बी टाकून द्या, खाली बसलेलं घ्या आणि कापडावर सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. आकसलेल्या किंवा पानावर डाग-चट्टे असलेल्या झाडाचं बी घेऊच नका, मोझॅकचा विषाणू बियाच्या सालीवरून पुढच्या पिकात जातो. प्रत्येक झाडाची पुडी वेगळी, वर झाडाचा नंबर आणि तोड्याची तारीख.

बोकड्याची तपासणी उन्हाळ्यातच होईल कारण माशी तेव्हाच जोरात असते. जानेवारीच्या शेवटी ट्रेमध्ये रोपं टाका, फेब्रुवारीअखेर लागण. पुसा रुबीचं बी आत्तापासून शोधून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. आणि चवीच्या झाडाचं बी सगळं एकदम पेरू नका, निम्मं कोरड्या बरणीत ठेवून द्या, थंड जागी तीन-चार वर्षं सहज उगवतं.

बांधावरचा (ओतूर, ता. जुन्नर)

दोन्ही झाडांना दोरे बांधले. पिशव्या उद्या पुण्याहून येतायत. मार्चमध्ये पुसा रुबी आकसलं की फोटो टाकतो इथेच.